माझ्या ओळखीची मुंगी

३ मार्च
डसली! खिडकीच्या चौकटीवर हात ठेवला आणि तापलेली सुई टोचावी तसं झालं. दोन तास बोट ठणकत होतं. भावजय म्हणाली, "वन्सं, साध्या मुंगीसाठी एवढं?" हिला एकदा डसायला हवी. तोंडाने म्हटलं नाही. इथे लिहिलं.

४ मार्च
भिंग काढलं. छापखान्यात चाळीस वर्षं ज्याने मुद्रितं तपासली, तेच. गुन्हेगार सापडली. डोकं काळं, मधला भाग तांबडा, मागचा परत काळा. सडपातळ, मोठ्या डोळ्यांची. चावा घेत नाही, मागून नांगी मारते. हिला रांगबिंग ठाऊक नाही — एकटीच हिंडते, ऑफिसला उशीर झाल्यासारखी. आमच्या झाडाची खिडकीला टेकलेली वाळकी फांदी हे हिचं घर. टाचणीने पाडावीत तशी भोकं, त्यातून सगळ्यांची ये-जा. हिरव्या फांद्यांवर शिकार, वाळक्या फांदीत बिऱ्हाड.
रिटायर झाल्यापासून तपासायला काही उरलं नव्हतं. आता आहे.

९ मार्च
एकीने माशी धरली, नांगी मारली, भोकापर्यंत ओढत नेली. माशी मोठी, भोक लहान. मग पंख तोडले आणि नेलीच आत! भावजय तीनदा जेवायला हाक मारून गेली.

१४ मार्च
खालच्या मजल्यावरच्या वकिलांना डसली. मानेवर! आमच्या झाडाच्या डहाळ्या त्यांच्या गॅलरीत जातात, तिथे कपडे वाळत घालत होते. विचारपूस करायला गेले, बर्फ लावा म्हटलं. चेहरा गंभीर ठेवणं फार जड गेलं.

१५ मार्च
ठेवता आला नसावा. वकिलांनी उद्यान खात्याकडे अर्ज केलाय — झाड तोडा. अख्खं! मला प्रत आणून दिली. दोन पानं, सात चुका. लाल पेनाने दुरुस्त करून परत दिली.
भावजय म्हणते, "बरंच झालं, खोलीत उजेड येईल." उजेडात मी काय वकिलांची गॅलरी बघत बसू?

१९ मार्च
आज एक मुंगी आपणहून तळहातावर आली. श्वास रोखला. मिशा हलवत मनगटापर्यंत गेली, डसली नाही! मग टुणकन उडी मारून चौकटीवर. मला ओळखायला लागली म्हणायची. हिचं नाव ठमाबाई.

२३ मार्च
ठमाबाई रोज येते. आज भावजयीला बोलावून दाखवलं. ती दारातूनच म्हणाली, "वन्सं, तुम्हाला डसायची तिची काय बिशाद!"

२६ मार्च
उद्या उद्यान खात्याचे साहेब पाहणीला येणार. मी सांगणार — डिवचलं नाही तर या काही करत नाहीत. पुरावा म्हणून ठमाबाई. इथे थट्टा करतेय खरी, पण झाड गेलं तर त्या फांदीतल्या सगळ्याजणी जातील. आणि सकाळी उठून मी कशासाठी बसू खिडकीशी?

२७ मार्च
साहेब आले. वकील कॉलर मोकळी करून, मानेवरचा डाग दाखवायला तयार. मी हात खिडकीबाहेर धरून उभी. दहा मिनिटं झाली, कोणी येईना. वकील मुद्दाम घड्याळ बघत होते. आणि ठमाबाई आली! तळहातावर ऐटीत फेरी मारली. साहेबांनी माझंच भिंग मागून घेतलं, वाकून बराच वेळ पाहिलं. गालातल्या गालात हसले, असं मला वाटलं. मग वकिलांना म्हणाले, "आता तुम्ही ठेवा हात." वकील दोन पावलं मागे सरकले.
"कळवतो," एवढंच बोलून साहेब गेले. चांगलं की वाईट, काही कळायला मार्ग नाही.

४ एप्रिल
पत्र आलं. झाड राहणार! झाड निरोगी आहे, गॅलरीत घुसलेल्या दोन डहाळ्या तेवढ्या छाटाव्यात, खाली सही. वकिलांना मी स्वतः जाऊन वाचून दाखवलं. सावकाश.
सहीखाली साहेबांनी पेनाने एक ओळ लिहिली आहे. ती मात्र वाचली नाही. "बाई, सवडीने तिचे पाय मोजा." आता हे काय नवीन?

५ एप्रिल
मोजले. आठ. पुढचे दोन मिशांसारखे वर धरलेले. ठमाबाई मुंगी नव्हेच — मुंगीचं सोंग घेतलेला कोळी! साहेबांनी माझ्याच भिंगातून तेव्हाच ओळखलं होतं. तरी सही केली.