जमिनीवरचं काम

३ मार्च, सोमवार

खोटं बोललो. दाजींना म्हटलं, दाढ ठणकतेय, दवाखान्यात जातो. गेलो मुलाखतीला.

हॉस्पिटलच्या भांडारातलं काम आहे. चादरी, औषधं, सलाइनच्या पेट्या उतरवून घ्यायच्या, रचायच्या, मागतील तशा द्यायच्या. तळमजला! भांडार सांभाळणाऱ्या बाईंनी विचारलं, हातची नोकरी का सोडताय? म्हटलं, उंचीचा कंटाळा आला. त्या हसल्या. भीती म्हणायला जीभ वळली नाही.

घरी पोचतो तर दाजींचा फोन. दाढ काढली का, दोन दिवस मऊ खा, गार पाणी पिऊ नकोस. मेल्याहून मेल्यासारखं झालं. संध्याकाळी एकाच बाजूने चावून जेवलो — घरात कोणी बघत नसताना!

४ मार्च, मंगळवार

आज माझ्या बादल्याही दाजींनी उचलल्या. दाढ काढलेल्याने वजन उचलू नये म्हणे.

७ मार्च, शुक्रवार

इथे तरी खरं लिहावं.

आम्ही उंच इमारतींच्या काचा बाहेरून पुसतो. दोन माणसं उभी राहतील एवढा लोखंडी पाळणा, गच्चीवरून दोरांवर लटकलेला. एका टोकाला दाजी, दुसऱ्या टोकाला मी. खाली-वर करायला दोघांच्या हाताशी एकेक बटण. दोघांनी मिळून दाबायचं, मिळून सोडायचं. एकाने सोडलं नाही तर पाळणा कलंडतो. कमरेला पट्टे असतात, पण कलंडलेल्या पाळण्यात पट्ट्याचा किती भरवसा धरायचा?

थंडीत एकदा दाजी बोलता बोलता थांबले. डोळे उघडे, पण माणूस जागेवर नाही. बोट मात्र बटणावर. माझी बाजू थांबलेली आणि त्यांची खाली, खाली. बादली घरंगळत गेली. मी सरपटत जाऊन त्यांचं बोट उचकटून काढलं. जरा वेळाने भानावर आले आणि विचारतात काय — बादली कुठंय?

त्यानंतर अशी चक्कर आणखी दोनदा आली. मुकादमाला कळलं तर उभ्या उभ्या घरी बसवेल, आणि ताई तर हाय खाईल, म्हणून त्यांनी मला ताईची शपथ घातली. मी तोंड शिवून घेतलं. आणि गुपचूप दुसरं काम शोधायला लागलो.

१० मार्च, सोमवार

ताईकडे जेवायला होतो. आई गेल्यावर हिनेच मला लहानाचं मोठं केलं. पुढे मी रिकामटेकडा उंडारत होतो तेव्हा दाजींनी बोटाला धरून कामावर नेलं, पट्टा कसा बांधायचा ते शिकवलं. बायकोच्या भावासाठी कोण एवढं करतं?

ताट वाढताना ताई म्हणाली, "तू असतोस बरोबर, म्हणून मला घोर नसतो." दाजींनी मान खाली घालून घास घेतला. मीही घेतला. दोघं चोर एका पंगतीला.

भाच्याने विचारलं, मामा, वरून आमचं घर दिसतं का? दिसतं म्हणालो. मी वर असताना कुठेच बघत नाही. फक्त दाजींच्या बोटाकडे बघतो.

१५ मार्च, शनिवार

नोकरी मिळाली. बाईंचा फोन आला, एक तारखेपासून या.

घरी बायकोला सांगितलं. आधी विश्वासच बसेना, मग मटकन खाली बसली आणि पदराने डोळे टिपले. इतके दिवस मी उगाच समजत होतो की हिला काही वाटत नाही. मग सगळंच सांगून टाकलं, दाजींच्या चकरांचंही. तिचे डोळे तिथेच थिजले. "आणि दाजींबरोबर आता कोण जाणार?"

म्हटलं, मुकादम देईल कोणालातरी, तो बघून घेईल. बोलून गेलो आणि माझ्याच कानांना ते सहन झालं नाही. ती भाजी निवडत बसली.

१९ मार्च, बुधवार

मुकादमाला सांगितलं. वैतागला, पण माणूस तयार आहे म्हणाला — लंबू. आमच्या गच्चीवर दोर सोडायला असतो तो. उंच, हसरा, नुकतंच लग्न झालेलं. हरखून माझ्याकडे आला. दाजींच्या हाताखाली शिकायला मिळणार, नशीबच उघडलं म्हणाला. काही सांगायचं असेल तर सांगून जा. मी म्हटलं, त्यांच्या बोटाकडे लक्ष ठेव. त्याला वाटलं थट्टा करतोय.

दाजी पाळणा खाली टेकल्यावर पट्टा सोडता सोडता म्हणाले, "दाढ दुखत नव्हती तर."

"नाही."

"निदान माझ्याशी तरी खोटं बोलायचं नाहीस. वर आपण दोघंच असतो."

२० मार्च, गुरुवार

दाजींना म्हटलं, तुम्हीच सांगा मुकादमाला, नाहीतर लंबूला तरी सांगा. म्हणाले, तू चाललास ना, मग आता जा. आणि मुलांच्या शाळेचं काय करायचं ते मला सांगून जा.



२१ मार्च, शुक्रवार

सांगून टाकलं. ताईची शपथ मोडली.

मुकादम आधी माझ्यावरच उखडला. इतके महिने गप्प बसलास, खाली रस्त्यावर माणसं चालतात हे कळत नव्हतं का? खरंच, ते माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. मग दाजींना आत बोलावलं. दार बंद झालं. बाहेर आले तेव्हा हातात फक्त डबा होता. इतक्या वर्षांत मी त्यांना पाठमोरं चालताना कधी पाहिलं नव्हतं. आम्ही कायम शेजारी शेजारीच चालायचो.

लंबू म्हणाला, तुम्ही आपल्याच माणसाच्या पोटावर पाय दिलात. तो वाचला हे त्याला माहीत नाही. मीही सांगितलं नाही.

२२ मार्च, शनिवार

ताईला चार वेळा फोन केला. उचलत नाही. ही म्हणते, जाऊन ये. जायचं कोणत्या तोंडाने?

२३ मार्च, रविवार

गेलो. दाजी आत भिंतीकडे तोंड करून पडले होते. ताई मुस्काटात मारेल असं वाटलं होतं, मारलं नाही. मी सगळं सांगितलं, चकरांचं, शपथेचं. तिचा चेहरा हलला नाही. मग हळू आवाजात म्हणाली, "मला माहीत होतं. घरातही येतात त्यांना. गेल्या वर्षी मुकादम तुला दुसऱ्या जोडीत टाकत होता. मी जाऊन त्याच्या पाया पडले, याला ह्यांच्याबरोबरच ठेवा म्हणून. परका माणूस आधी स्वतःचा जीव वाचवेल. तू तसं नाही करणार."

चहा ठेवायला ती आत वळली. मी चपला घातल्या आणि दार ओढून घेतलं.