खेकडीणबाईंचं पुस्तक

१४ जानेवारी १९७९
संक्रांत. गोपिका आली नाही! टेलिफोन ऑफिसात तीस वर्षं लोकांना वेळ पाळायला लावली मी, आणि जन्माची मैत्रीण अशी! पुस्तक यंदा माझ्याकडे यायचं. १९३४ साली कॉन्व्हेंटात मराठी बोलायला बंदी, म्हणून आम्ही तिघींनी चोरून मराठीतच केलं. गोष्ट माझी, चित्रं गोपिकाची, शिवण वच्छलाची. खापा गावच्या नदीतल्या खेकडीणबाई आगगाडीने मुंबईला जातात. प्रत एकच. तेव्हापासून दर संक्रांतीला वाण म्हणून पुढचीला द्यायचं. वच्छला गेल्यावर आम्ही दोघीच उरलो. पंचेचाळीस वर्षांत खाडा नाही!

१५ जानेवारी
आजही नाही. तिळगुळाला मुंग्या.

१७ जानेवारी
शेवटी मीच धंतोलीला गोपिकाच्या घरी गेले.

"काहून वं, भांडाले आली काय?" पलंगावर बसून हसत होती. पुस्तक उशीखाली. देईना! मी ओढूनच घेतलं. उघडलं – आणि ओरडलेच. नदीचा तो फिकट निळा रंग, खेकडीणबाईंचं गुलाबी लुगडं – सगळ्यांभोवती काळ्या शाईच्या बोटभर जाड रेघा!

"सत्यानाश केलास!"

"चित्रं माहीच आहेत न?"

"गोष्ट माझी आहे!" म्हटलं, पुस्तक तिथेच आपटलं आणि निघाले. तिळगूळही घेतला नाही.

१८ जानेवारी
दिवसभर फणफण. नन्सनी जप्त केलं असतं तर निदान चित्रं तरी वाचली असती.

२० जानेवारी
बर्डीवर भाजी घेताना तिची सून सिंधू भेटली. तिलाही चार शब्द सुनावले. मग ती म्हणाली, "मावशी, आईचे डोळे चालले. डॉक्टर म्हणते, आता इलाज नाही. फिक्कं काहीच दिसत नाही त्यायले. म्हणे, वाण देण्याआधी एकदा सारं पाहून घेतो."

"मला का नाही सांगितलं?"

"त्यायनंच मना केलं. म्हणे, तिले समजलं तर ते पुस्तक मांगनारच नाही."

मेथीची जुडी दुकानातच राहिली.

२१ जानेवारी
गेले. गोपिकाकडून शाई मागून घेतली. माझी ती बारीक, सुबक, मिरवायची अक्षरं स्वतःच जाड गिरवली. पहिलं पान तिच्या नाकाशी धरलं.

"आता?"

"थोडं जाड कर वं."

केलं. पुन्हा केलं. पानावर पांढरं काही उरलं नाही.

"अजून थोडं," गोपिका म्हणाली.