धानाच्या बांधीतले आलू

बाबूजी, यंदाही हलका धान निघाल्यावर चोरखमाऱ्याच्या तलावाच्या पाण्यावरच्या आपल्या बांधीत आलू लावले आहेत. आज सकाळी दव सुकल्यावर पोटॅशची फवारणी केली, पाठीवरचा पंप उतरवला आणि शेताच्या कडेला धुऱ्यावर बसून राहिले. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी या फवारणीच्या दिवशी फार आठवण येते.

पहिल्या वर्षी तुम्ही आलूला धानासारखंच वागवलं होतं. पान जरा फिकं दिसलं की मार युरियाचं पाणी. झाडं गुडघ्याला लागली, येणारे-जाणारे थांबून पाहायचे आणि तुम्ही मिशीतल्या मिशीत हसायचात. खोदलं तर बुडाशी सुपारीएवढे गोळे. माय म्हणाली, "आता काय पाल्याची भाजी करू?" त्या दिवशी तुम्ही जेवला नाहीत. कोहमाऱ्याचा खतवाला तर पोट धरून हसला. "काका, ये धान थोडी है! सब पत्ते को खिलाओगे तो नीचे क्या बैठेगा?" परतल्यावर अंगणात गाडीवरून उतरताच म्हणालात, "पुढच्या साली दाखवतो त्याले."

पुढच्या साली पंप तुमच्या पाठीला पेलेना. दवाखान्याच्या फेऱ्या सुरू झाल्या होत्या. मी फवारते आहे आणि तुम्ही धुऱ्यावर खाट टाकून ओरडता आहात, "पानाच्या खालूनबी मार, बाई. घाई काऊन करून राहिली?" युरिया सुरुवातीलाच, तोही बेताचा, बुडाशी आलू धरले की ते फुगावेत म्हणून पोटॅश. पाला त्या साली बुटकाच राहिला, कोणी थांबून पाहिलं नाही. मग तुमचं शेतात येणंही बंद झालं. पडल्या पडल्या एकच विचारायचात, आलू केवढे झाले. मला राहवेना. एक झाड उपटलं आणि त्यातला मोठा आलू तुमच्या हातात दिला. तुम्ही तो अंगठ्याने घासलात, साल लगेच सुटली. "कच्चा आहे. कायले काढलास? आखीन फुगून राहिला होता तो." चांगलेच रागावलात, पण आलू काही परत दिला नाहीत, उशाशी ठेवून घेतलात.

खोदणीच्या आधीच तुम्ही गेलात.

तेरवी झाल्यावर आम्ही शेतात गेलो. पहिल्याच घावाला मुठीत न मावणारे आलू वर आले, आणि पुढेही येतच राहिले. माय तोंडाला पदर लावून रडायला लागली. शेजारचे म्हणत होते, "बुढ्यानं पायले पायजे होते." मी मान खाली घालून माती चाचपत होते, माझे खांदे हलत होते. कोणीतरी पाठीवरून हात फिरवला.

हे पत्र मी मायला वाचून दाखवणार नाही. बाबूजी, तेव्हा मी रडत नव्हते. ते आलू पाहून मला हसू आवरत नव्हतं, आणि ते हसू दाखवावं असं तुमच्याशिवाय तिथे कोणी नव्हतं.