बांधाबाहेरचे वीस हात

१२ जुलै ८२, सोमवार
स्वप्नात पुन्हा चिखल. दुष्काळी माणमधलं माझ्या माहेरचं शेत, विहीर कोरडी ठणठणीत, आणि ताली, म्हणजे शेताचे बांध, ओलांडून खाडीचं पाणी गुपचूप आत येतंय. मी ओरडत नाही, नुसती बघत उभी. पाय गार पडले तेव्हा जाग आली. पांघरूण ह्यांनी ओढून घेतलेलं!
बेलापुरात येऊन आठ महिने झाले. भरती आली की वासावरूनच कळतं आता. हे म्हणतात, तुझ्या नाकाला खाडी चावलीय.

१५ जुलै, गुरुवार
बारकीबाय (खेकडे घेऊन येते ती. पुढे नुसतं बा.बाय, लिहून हात दुखतो) आज रिकाम्या टोपलीनं आली. टेकली, चहा प्यायली. गेल्या वर्षी उधाणात त्यांचा बांध फुटला, खारं पाणी शेतात शिरलं, भाताचं वाटोळं झालं. "बांधापुढं कांदल होती तवा कवा नाय फुटला." ती खारफुटीची झाडं हळूहळू चुलीत गेली. आता गावातल्या बायांनी ठरवलंय, बांधाबाहेरचा चिखल घरटी वीस वीस हात वाटून घ्यायचा, आपापल्या तुकड्यात कांदळ लावायची आणि राखायची. पुरुष म्हणे माना हलवत बसले होते.
मी पटकन बोलून गेले, मलाही द्या.
"तुमी बिल्डिंगवाल्या!" खूप हसली. जाताना म्हणाली, "या मंग. पन सारी वर खोचायला लागंल."

२१ जुलै, बुध.
मिळाले! रस्त्याकडचं पहिलंच टोक. वीस हात चिखल, माझा. सासरचं घर मामंजींच्या नावावर, हा फ्लॅट ह्यांच्या. जगात माझ्या नावाचं पहिल्यांदाच काहीतरी, आणि तेही दिवसातून दोनदा पाण्याखाली.
कांदळीच्या शेंगा शेवग्याहून जाड, हिरव्या, एका बाजूला टोकदार. खाडीपल्याड थोडी जुनी झाडं उरलीत, त्यांच्याखालून बायांनी वेचून आणलेल्या. मला कुणी काही सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. शेतकऱ्याची पोर ना मी! टोक वर ठेवून सगळ्या रोवल्या. कोंब वरच जाणार की.
गुडघाभर चिखल, आतून ऊबदार. घरी यावंसं वाटेना.

४ ऑगस्ट, नारळी पौर्णिमा
बायांबरोबर नारळ सोडायला गेले. पाणी पार बांधाला लागलेलं, माझा तुकडा कुठे ते सुद्धा कळेना. कुठूनतरी सुटलेली एक शेंग पाण्यात उभीच्या उभी तरंगत चालली होती, डोक्यावर हंडा घेतलेली बाई न सांडता जाते तशी. दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिले. कुठे जाऊन रुजेल कोण जाणे.
हळद-कुंकू लावताना बा.बायनं पहिल्यांदा "तू" म्हटलं. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

१० ऑगस्ट, मंगळ.
हे ज्या खाडीत भराव घालणाऱ्या कंपनीत ओव्हरसियर, तिला बांधाबाहेरची जागा हवीय. जेवताना सहज सांगितलं. मोकळा चिखल असेल तर माती टाकायची, झाडी असेल तर ती सोडून हद्दीची रेषा अलीकडे वळवायची. पाहणीचा फॉर्म ह्यांनीच भरायचा.
"कधी?"
"गणपती झाल्यावर. अगं, आमटी!"
आमटी ताटाबाहेर गेली होती. माझ्या वीस हातांचं ह्यांना अजून सांगितलेलं नाही. बायको चिखलात फिरायला जाते, एवढंच माहीत.

१७ ऑगस्ट, मंगळ.
सगळ्यांच्या शेंगांना डोक्यावर पानांची जोडी. माझ्या काळ्या पडल्या.
बा.बायनं एक उपटली, बघितली आणि चिखलातच बसली हसत. "उलटी लावलीस गो बाय! डोका खाली, पाय वर!" टोकाकडून मूळ फुटतं म्हणे. अख्खी रांग हसली, मीही हसले. घरी येऊन नळ सोडून रडले. माणमध्ये तोंड कसं दाखवू?
आणि रस्त्यावरून हे उतरणार ते माझ्याच तुकड्याशी. सगळ्यात आधी दिसणार मोकळा चिखल.

१८ ऑगस्ट
बा.बायला सगळं सांगून टाकलं. पाहणी, फॉर्म, आणि पाहणी करणारा माझाच नवरा. टोपली उचलली आणि गेली. दार लावायचंही सुचलं नाही मला. दिवसभर पडून होते, डोळ्यापुढे नुसतं पाणी.

१९ ऑगस्ट, गुरु.
सकाळी दारात बा.बाय, काखेत ओलं पोतं. आत शेंगा. ज्या मरतील त्यांच्या जागी लावायला तिनं स्वतःसाठी राखलेल्या, शेवटच्या.
"तुजी जागा मोकली रायली तं आमची बी जाईल." मग पोतं खाली ठेवून, "आमी हसलो. सांगायला पायजे होता आदी."
ओहोटीला दोघींनी लावल्या. प्रत्येक शेंग रोवताना ती माझ्याकडे बघायची आणि मी टोक दाखवायची, शाळेत पाटी दाखवतात तशी.

३ सप्टेंबर
उधाण. दोन शेंगा वाहून गेल्या. बाकीच्या
(कुकरची शिट्टी. विसरले काय लिहीत होते.)

९ सप्टें.
स्वप्न. आमच्या माणच्या विहिरीत कांदळ उगवलीय, काठावर आई बसलीय, पाय पाण्यात सोडून. मला म्हणाली, ये की. दिवसभर तोच आवाज कानात होता.
दुपारी जाऊन पाहिलं. अकरा शेंगांना पानं! मुगाएवढी, पण पानंच.

१५ सप्टें., बुध.
हे संध्याकाळी पाहणीहून आले ते गुडघ्यापर्यंत चिखल आणि एकाच पायात बूट. दुसरा खाडीनं ठेवून घेतला. हसू आवरेना.
"पुढची लावणी बरी आहे. रस्त्याकडचं टोक मात्र कुणा वेंधळीनं लावलंय. काड्याच नुसत्या."
"मी."
ह्यांनी मोजा काढला, पिळला. बराच वेळ पिळत होते.
"साहेबाला झाडी म्हणजे झाडी लागते गं. मुगाएवढ्या पानांना झाडी कसं लिहू?"
"मग काय लिहाल?"
फॉर्म टेबलावर ठेवला आणि पाय धुवायला गेले. जेवलेही कमी.

१६ सप्टें., गुरु.
उद्या अवस, मोठं उधाण. फॉर्म टेबलावर तसाच, शेऱ्याचा रकाना रिकामा.
ऑफिसातून आले, चहा घेतला नाही. "ओहोटी कधी?" लग्नाला चौदा वर्षं झाली, पहिल्यांदा काहीतरी मला ठाऊक असलेलं विचारलं. "साडेपाचला," म्हटलं. पँट दुमडली, अनवाणी निघाले. मी पुढे, हे मागे. पाय कुठे टाकायचा ते सांगत गेले, आणि चक्क ऐकलं!
बांधावर बा.बाय उभी होती. नमस्कार नाही, चमत्कार नाही. नुसती बघत होती.
हे माझ्या वीस हातांच्या मधोमध उभे राहिले. उन्हं उतरलेली, चिखल तांब्याच्या परातीसारखा लखलखत होता. एक शेंग कलली होती. वाकले, ती हातात घेतली आणि माझ्याकडे बघितलं. मी टोक दाखवलं. नीट खोल रोवली, भोवतीचा चिखल बोटांनी दाबला.
पाणी घोट्याला लागलं तसे परतलो. वाटेत एवढंच म्हणाले, "फॉर्म उद्या दहाला द्यायचाय."
आता टेबलाशी बसलेत. नखांतला चिखल अजून धुतलेला नाही. मी इथून बघतेय, रकाना कोराच आहे.