एका हाताने दहापर्यंत

श्रीवर्धन,
८ नोव्हेंबर २०२५

ती. अण्णांस,
स. ज. भी. वि. वि.

फोनवर आपलं भांडण होतं आणि पत्रात बोलणं होतं, म्हणून तुमच्याच नियमाप्रमाणे हे पत्र. छकुली मजेत आहे. तहान लागली की ती चिनीत ‘श्वेइ’ मागते आणि सम्यक मुद्दाम मिठाची बरणी नेऊन देतो. मग बाईसाहेब कमरेवर हात ठेवून बापाला शिकवतात.

नवीन बातमी अशी, की इथल्या शाळेच्या कोकिळाबाईंनी मला दर शनिवारी तासभर बोलावलंय, पहिली-दुसरीच्या मुलांना चिनी शिकवायला. फुकट, हे आधीच सांगते. तळोज्याच्या कारखान्यात पाच वर्षं दुभाषी होते, ते काय भांडी घासून विसरायला? चिनीत सूर बदलला की शब्दाचा अर्थ बदलतो, हे ऐकून पोरं बिचकली. मी विचारलं, तुमची आजी ‘हं’ किती तऱ्हांनी म्हणते? ऐकू आलं नाही की वर चढणारा, दटावताना खाली आपटणारा, गुणगुणताना सरळ, आणि खोटं पकडलं की खाली जाऊन वर येणारा. झालं काम. आता सगळी शाळा हं हं करत फिरते.

पण एक घोटाळा झालाय. चिनी लोक एकाच हातावर दहापर्यंत आकडे दाखवतात. वर्गातल्या अमिषाने ते आपल्या आजोबांना, मोरूकाकांना शिकवले. काका हिरामणशेठच्या वाडीत पोफळीवर चढतात. एक हात कायम झाडाला, आणि समुद्राचा वारा असा की वरची हाक खाली येत नाही. शेठनी खालून विचारलं, किती घड पिकलेत. काकांनी अंगठा आणि करंगळी ताठ करून हात हलवला. म्हणजे सहा. शेठना वाटलं, हा झाडावरून दारू मागतोय! चारचौघांत त्यांना बेवडा म्हणाले. काकांनी जन्मात थेंब घेतलेला नाही. ते सरसर उतरले, मी पिलेला न्हाय, सहा हायेत, मोजून घ्या, एवढं बोलून घरी गेले.

शेठ शाळेच्या समितीचे अध्यक्ष. त्यामुळे सगळं खापर माझ्या डोक्यावर. ही बाई शत्रूची भाषा शिकवून गाव बिघडवते, म्हणे. वर्ग बंद करायला बावीस तारखेला बैठक आहे. मी काय करू ते लिहा. आईच्या गुडघ्यांचंही कळवा.

लोभ असावा, रागवायचं झालं तर थोडक्यात रागवावं.

तुमची
भक्ती


पाली,
१४ नोव्हेंबर २०२५

चि. भक्तीस,
अनेक आशीर्वाद व जय भीम.

पत्र पोचले. दारूचा किस्सा तुझ्या आईला वाचून दाखवला. ती इतकी हसली की गुडघे विसरली.

मला मात्र हसू आले नाही. तू त्या गावात तीन वर्षांची. सम्यकची पंचायत समितीतली नोकरी तिथेच. आपल्या माणसाचे पाऊल जरा वाकडे पडले की बोट दाखवायला लोक टपलेले असतात, हे मी पस्तीस वर्षे मास्तरकी करून शिकलो आहे. वर्गाचे महत्त्व मी जाणतो. पण भाषा घरीही शिकवता येते. छकुलीला शिकव, कोण अडवतो?

बैठकीत चार शब्द नरमाईने बोल. चूक झाली म्हण. त्याने काही आपले सोने झिजत नाही. विषय मिटेल.

लोभ आहेच, तो उपदेशामुळे आटू देऊ नकोस.

तुझे
अण्णा


श्रीवर्धन,
२३ नोव्हेंबर २०२५

ती. अण्णांस,
स. ज. भी. वि. वि.

तुमचं पत्र पर्समध्ये ठेवूनच काल सकाळी बैठकीला गेले. शेठनी तेच मागितलं जे तुम्ही सांगितलं होतं. चूक झाली असं लिहून द्या, विषय संपला. कागदही तयार, पेनही तयार.

अण्णा, मी नाही लिहून दिलं. काय चुकलं माझं? सात वर्षांची पोर आजोबांना शिकवते, हे? मी म्हटलं, भाषा शत्रूची असेल तर आधी शिकायला हवी, मित्राची नंतर शिकली तरी चालेल. आणि माफी मागायचीच असेल तर शेठनी मोरूकाकांची मागावी. कोकिळाबाई तेवढ्या माझ्या बाजूने उभ्या राहिल्या, पण ठराव झाला. शाळेत वर्ग बंद.

बंद तर बंद. माझी पडवी समितीची नाही. काल दुपारीच पडवीत वर्ग घेतला. एकोणीस मुलांपैकी आठ आली. बाकीच्यांच्या आयांना शेठची भीती. अमिषा सगळ्यांच्या आधी येऊन पुढे बसली होती. आकड्यांचा तास झाल्यावर मी एकटीच मोरीत जाऊन रडले, हेही लिहिते, कारण तुमच्यापासून लपवलेलं मला पचत नाही.

तिकडे मोरूकाका अडून बसलेत. शेठ माफी मागत नाहीत तोवर त्यांच्या पोफळीवर चढणार न्हाय. शेठनी हरिहरेश्वरहून दुसरे चढणारे बोलावले, तर काका आदल्याच दिवशी तिथे जाऊन सगळं सांगून आलेले. कोणी फिरकलं नाही. सुपारी झाडावरच आहे.

घरी शिकव म्हणता. घरी एक छकुली शिकेल, अण्णा. तुम्ही फक्त घरी शिकवलं असतं तर मी एकटीच शिकले असते ना? सम्यक माझ्या पाठीशी आहे. तुम्ही आहात की नाही, एवढंच लिहा. नसलात तरी शनिवारचा वर्ग होणार.

लोभ मागत नाही, तो माझा हक्कच आहे.

तुमचीच
भक्ती


पाली,
९ डिसेंबर २०२५

चि. भक्तीस,
अनेक आशीर्वाद व जय भीम.

तू एका ओळीचे उत्तर मागितलेस आणि मला सोळा दिवस लागले. पेन हातात धरायचो आणि खाली ठेवायचो.

तुझ्या आजोबांची, भिकूबाबांची एक गोष्ट मी तुला कधी सांगितली नाही. मी सातवीत असताना मास्तरांकडे इंग्रजीचा जादा तास घ्यायचो. गावातल्या एका बड्या माणसाला ते कळले. त्याने बाबांना बोलावून विचारले, तुझ्या पोराला इंग्रजी कशाला रे? बाबांनी हात जोडले. चूक झाली म्हणाले. तास कसाबसा चालू राहिला आणि मी मास्तर झालो. पण तेव्हा मी दाराशी उभा होतो. ते जोडलेले हात मी पाहिले.

बाबांचा दोष नाही. त्यांच्याजवळ तेवढेच होते. दोष माझा. माझ्याजवळ पेन्शन आहे, शिकलेली लेक आहे, आणि तरी मी तिला तेच करायला सांगितले. चुकलो मी. हे लिहून देतो, कोणी कागद पुढे केला नाही तरी.

तुझ्या आईने व्हिडिओ कॉलवर छकुलीकडून आकडे शिकून घेतले आणि मला शिकवले. सात करताना माझी बोटे अजून अडतात. येत्या शनिवारी मी पहिल्या एसटीने येतो. पडवीत पुढच्या रांगेत, अमिषाशेजारी, माझ्यासाठी एक बस्कर टाकून ठेव. म्हातारा मास्तर आधी येऊन बसला की बाकीच्या आयाही मुले पाठवतील. मोरूरावांनाही भेटेन म्हणावे.

आणि पुन्हा कोणी माफीचा कागद पुढे केला तर एवढे ध्यानात ठेव. हात जोडायला दोन्ही लागतात. दहापर्यंत मोजायला एक पुरतो. दुसरा झाडावरून काढू नकोस.

लोभ तुझा हक्क आहे, मान्य.

तुझा नवा विद्यार्थी,
अण्णा