दुसरा टप्पा

८ नोव्हेंबर
मॅनेजर म्हणून कोण? सुहासिनी मॅडम! फेडरेशनच्या सेक्रेटरींच्या वहिनी. सकाळी सरावाला आल्या, काचेला नाक लावून उभ्या राहिल्या आणि मला विचारलं, "नेट कुठंय?" महिलांचा राष्ट्रीय स्क्वॉश संघ, आशियाई स्पर्धा, तीही आपल्याच दिल्लीत — आणि मॅनेजरबाई भिंतीवर खेळायच्या खेळात नेट शोधतायत!
मी कॅप्टन. म्हटलं, "धुवायला दिलंय."
"अच्छा," म्हणाल्या.

९ नोव्हेंबर
संघ जाहीर. एक नंबरला मी, दोनला अहिल्या, तीनला लता. लता! मयूर विहारची, एकोणीस वर्षांची. खेळ आहे हातात, नाही कशाला म्हणू. पण समोरचीला धक्का लागला की सॉरी म्हणते, रेफ्रीला थँक्यू म्हणते, चेंडू उचलून देते. ही काय जिंकणार? आमचे कोच दीनानाथ सर म्हणाले, "शिकेल हळूहळू." सर इतकी वर्षं आमच्या अख्ख्या पिढीबद्दल हेच एक वाक्य म्हणत आलेत. कोणी शिकलेलं नाही. सर तर नाहीच.

१० नोव्हेंबर
श्रीलंकेला ३-०. त्यात काय मोठं! मॅडमनी पेढे वाटले.

१२ नोव्हेंबर
संताप नुसता!
मलेशिया, सेमीफायनल. मी हरले. हो, हरले. पाठ धरली होती — असो. अहिल्या जिंकली. १-१. सगळं लतावर आलं. पाचवा गेम, १०-९, एक पॉइंट की फायनल! मलेशियाच्या मुलीने पुढच्या कोपऱ्यात अलगद चेंडू टाकला. लता धावली, अक्षरशः आडवी पडली, उचलला! समोरच्या भिंतीला लागून चेंडू तिथेच मेला. रेफ्रीने इंडिया म्हटलं. आम्ही उड्या मारल्या. आर. के. पुरमहून ऑफिस बुडवून आलेले माझे बाबा चक्क खुर्चीवर चढले!
आणि ही उठली, हात वर केला. "नाही. आधीच दोन टप्पे पडले होते. मी लेट पोचले."
दोन टप्पे म्हणजे पॉइंट समोरचीचा. पण रेफ्रीला दिसलं नव्हतं. त्या मुलीलाही नाही. कोणी विचारलंसुद्धा नव्हतं!
१०-१०. मग १०-१२. खेळ खलास.
नंतर मी लताला म्हटलं, "देशासाठी खेळत होतीस की देवळात आली होतीस?"
"ताई, मला पता होतं ना. मग पॉइंट कसा घेऊ?"
मला पता होतं! धड मराठी येत नाही, पण सत्यवादी व्हायचंय.

१३ नोव्हेंबर
नाश्त्याला लताच्या टेबलावर कोणी बसलं नाही. मीही नाही. एकटीच पोहे खात होती, ताठ बसून. "मी बरोबर केलं" — नुसता चेहऱ्यावर तोरा! तेवढाच उरलाय तिच्याकडे. तोही उतरवावा असं वाटलं.
दुपारी मॅडमनी विचारलं, "तिला पुढे ठेवायचं की नाही? कॅप्टन म्हणून तुझं मत?"
म्हटलं, काढा. बिल्कुल काढा.

१४ नोव्हेंबर
सरांचा कॅमेरा मागून आणला, सेमीफायनलचं शूटिंग असलेला. पाठीमुळे कुठे चुकले ते बघायचं होतं. बघता बघता लताचा तो चेंडू आला. थांबवून पाहिला. पुन्हा पाहिला.
एकच टप्पा. रॅकेट चेंडूखाली स्वच्छ गेलेली.
आपण जिंकलो होतो!
कॅमेरा घेऊन सरांकडे निघाले, तर दारातच लता. डोळे सुजलेले. "ताई... तो बॉल दिसला का त्यात?"
म्हटलं, "दिसला. दोन टप्पे. स्पष्ट."
ती गेल्यावर पुसून टाकलं सगळं. सरांना सांगेन, चुकून पुसलं गेलं.