दाजींच्या सात कुंड्या

नेकनूर,
२२ मे २०१६

तीर्थरूप सावित्रीअक्कास,

धाकट्या रामहरीचा शिरसाष्टांग नमस्कार. पुण्यात बाळ-बाळंतीण सुखरूप असतील, तुझे गुडघे जिना चढू देत असतील. इकडं तुझी भावजय शिवकन्या बरी आहे, टँकर पाच दिवसांनी येतो, आणि निम्मी जनावरं चारा छावणीत असल्यामुळं आमच्या दूध सोसायटीतलं संकलनही निम्म्यावर आलंय. (हे फोनवर सांगितलं असतं, पण तू पहिल्या वाक्यालाच "कुंड्या कशा आहेत?" विचारतेस आणि माझी रेंज जाते. रेंज मीच घालवत होतो.)

तर कुंड्या. दाजींनी शेवटच्या वर्षी हौसेनं लावलेली ती जाड पानांची झाडं माझ्या स्वाधीन करताना तू "पाणी अगदी कमी" असं बजावलं होतंस. मला वाटलं, दुष्काळात भावावर भार नको म्हणून बहीण संकोचतेय. मग मी माझ्या आंघोळीच्या पाण्यातला एकेक तांब्या रोज सातही कुंड्यांना घालू लागलो. (स्वतः अंग पुसून सोसायटीत जायचो, सभासद जरा लांबूनच बोलायचे.) पंधरा दिवसांत पानं पिवळी पडली, मग भिजवलेल्या साबुदाण्यासारखी आरपार दिसू लागली, आणि हात लावला की गळू लागली. तहान भागत नसेल म्हणून मी दुसरा तांब्या वाढवला. तरी गुण येईना, तेव्हा ऊन कमी पडत असेल म्हणून कुंड्या सोसायटीच्या पत्र्यावर नेऊन ठेवल्या. एप्रिलचं ऊन, अक्का! संध्याकाळी पानांवर करपलेल्या भाकरीसारखे डाग. खाली आणल्या, तर पानांच्या बेचक्यात पांढरा कापूस. मी हरखलो, झाडाला फूल येतंय म्हणून चेअरमन आबासाहेबांना बोलावून दाखवलं. त्यांनी चष्मा लावला, वाकून बघितलं आणि म्हणाले, "रामहरी, हे फूल चालतंय."

त्या दिवशी मला रडू आलं. दाजींच्या हातचं तेवढंच उरलंय, आणि तेही मी घालवणार होतो.

तेवढ्यात आमच्याकडं कॅन धुणाऱ्या बायनाबाई आल्या. (मूळच्या शिरूर कासारच्या, ऊस तोडून पाडव्याला परतल्यात.) त्यांनी मातीत बोट खुपसलं.

"सायेब, ह्यायला तहान न्हाई लागली. तुमी बुडीवलं ह्यायला."

त्यांनी झाडं उपटली, कुजलेली मुळं कापली आणि दोन दिवस तशीच सावलीत उघडी ठेवली. (ते दोन दिवस मला जेवण गेलं नाही.) मग कुंड्यांच्या बुडाला भोकं पाडून वाळू आणि विटेच्या चुऱ्यात लावली, आणि पांढरे किडे जनावरांच्या दवाखान्यातल्या स्पिरिटच्या बोळ्यानं एकेक करून पुसले. कुंड्या खिडकीत, कोवळं ऊन तेवढं. बुडापर्यंत माती कोरडी झाल्याशिवाय थेंबही घालायचा नाही, अशी मला ताकीद. हे कुठं शिकलात, असं विचारलं तर म्हणाल्या, "आमी सा महिने दार लावून जातो. दारातली पानफुटी एकलीच ऱ्हाती. आलं की हाय तशी हिरवी. ही तिच्याच जातीची दिसत्यात."

सहा झाडं वाचली. सातवं, सगळ्यात मोठं, गेलं. त्याची गळलेली, पण अजून टणक असलेली पानं बायनाबाईंनी कॅनच्या झाकणात कोरड्या वाळूवर नुसती पसरून ठेवली. ना माती, ना पाणी. अठराव्या दिवशी सकाळी बघतो, तर एका पानाच्या बुडातून दोऱ्यासारखी गुलाबी मुळं, आणि त्यांच्यापाशी मुगाएवढं एक झाड. पूर्ण झाड, अक्का! पानांवर पानं. जुनं पान सुरकुतत होतं. आपल्यातलं साठवलेलं पाणी त्याला पाजत होतं. दूध घालायला आलेली रांग मोडून माणसं झाकणाभोवती जमली. एरवी मापावरून भांडणारे धुळाजी टोपी काढून उभे राहिले. कॅन वाजवायलाही मला भीती वाटली.

सर्वांना यथायोग्य.

तुझा,
रामहरी

ता. क. : आता अशी पाच आहेत. सगळ्यात मोठं हरभऱ्याएवढं झालंय. तुला शक्य असेल तर आणखी महिनाभर पुण्यातच राहा.

ता. क. २ : दाजींचं मोठं झाड कसं गेलं हे शिवकन्येला मी "उंदरानं खाल्लं" असं सांगितलंय. तेवढं सांभाळून घे.

ता. क. ३ : पत्र लिहायचं खरं कारण. बायनाबाईंना त्यातलं एक रोप हवंय. दिवाळीनंतर ऊसतोडीच्या फडावर जाताना ते त्या बैलगाडीतून सोबत नेणार, तिथल्या कोपीच्या, म्हणजे पाचटाच्या झोपडीच्या, दाराशी ठेवायला. "दर साली घर मागं ठिवून जातो सायेब, ह्ये संगं येईल," म्हणाल्या. झाड दाजींचं आहे, तुला विचारल्याशिवाय कसं देऊ? तरी हो म्हणून लगेच कळव. (परवाच दिलंय.)